चर्चमधील शास्त्रीय संगीताच्या मैफली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील आमच्या चर्चमध्ये दर हिवाळ्यात शास्त्रीय संगीताच्या सहा मैफली होतात. श्रोते जे प्रश्न फोनवर, फाटकाशी आणि कधीकधी मैफल चालू असताना कुजबुजत विचारत आले आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे दोन ओळींत संपतात, काही लांबली आहेत.

मैफलींमध्ये नेमके काय ऐकायला मिळते?

सहापैकी तीन मैफली पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या असतात. त्यांतली एक समूहगायनाची, एक दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा तंतुवाद्यांच्या चौकडीची आणि एक ऑर्गनच्या साथीने होणाऱ्या एकल गायनाची असते. दोन संध्याकाळी हिंदुस्थानी संगीताच्या असतात आणि सहावी मैफलही हिंदुस्थानीच असते, पण ती शनिवारी सकाळी सव्वासहा वाजता सुरू होते. दोन्ही पद्धती एकाच मैफलीत मिसळण्याचा आग्रह काही जण धरतात, परंतु व्हायोलिनच्या स्वरमेळावर कुणीतरी यमन रागाचा आलाप, म्हणजे संथ स्वरविस्तार, सोडायचा आणि त्याला संगम म्हणायचे, हे आम्हाला अजून पटलेले नाही.

शहरात सभागृहे असताना चर्चमध्येच मैफल कशासाठी?

महाकवी कालिदास कलामंदिर आहे, परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, आणि खुर्च्या तिथल्या अधिक आरामशीर आहेत, हे मान्यच आहे. आमच्या लाकडी बाकांवर दीड तास बसणे हा सोसण्याचाच भाग आहे. तरीही आम्ही ही वास्तू निवडली, याचे कारण ती आवाजाला जे करते ते नाट्यगृह करीत नाही. नाट्यगृह संवादासाठी बांधलेले असते आणि तिथे शब्द सुटा ऐकू यावा म्हणून पडदे, गाद्या आणि भिंतींवरची आच्छादने आवाज शोषून घेतात. येथे दगडी भिंती आहेत, उंच उतरते छप्पर आहे आणि मधल्या वाटेवर फरशी आहे. रिकाम्या चर्चमध्ये वेदीपाशी उभे राहून एक टाळी वाजवली, तर तिचा नाद पूर्ण विरायला सुमारे अडीच सेकंद लागतात. पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक कलावंत ही टाळी वाजवून पाहतो आणि मग वर छताकडे बघतो.

या घुमण्याला दोष समजणे सोपे आहे, परंतु युरोपातील कित्येक रचना अशाच घुमणाऱ्या वास्तूंसाठी लिहिल्या गेल्या. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये जोव्हान्नी गाब्रिएली या संगीतकाराने गायकांचे व वादकांचे गट वेगवेगळ्या सज्जांत उभे करून समोरासमोर सवाल-जवाब झडावेत तशी रचना केली. मोझार्टने १७९१ साली, मृत्यूच्या काही महिने आधी लिहिलेली ‘आवे वेरुम कॉर्पुस’ ही रचना अवघी ४६ मात्राखंडांची आणि तीन-चार मिनिटांची आहे. तीत स्वर इतक्या संथपणे बदलतात, की आधीचा स्वरमेळ छताखाली विरत असतानाच पुढचा त्यात मिसळतो. हीच रचना गालिचा घातलेल्या खोलीत गायली, तर ती बरोबर असूनही अपुरी वाटते.

हिंदुस्थानी गायनाला असा घुमारा सोसतो का?

आलापाला सोसतो, किंबहुना शोभतो. तानेला, म्हणजे स्वरांच्या वेगवान मालिकेला, सोसत नाही. साधा हिशेब करून पाहावा. गायक सेकंदाला आठ स्वर घेत असेल आणि नाद विरायला अडीच सेकंद लागत असतील, तर कोणत्याही क्षणी मागचे वीसेक स्वर कमी-अधिक क्षीण होत हवेत तरंगतच असतात. पहिल्या वर्षी आम्ही नेहमीच्या सवयीने मोठे स्पीकर लावले आणि द्रुत, म्हणजे जलद, लयीत तबल्याचे ‘धिरधिर’ हे बोल केवळ खडखडाट होऊन राहिले. ध्वनियंत्रणेवर बसलेले गृहस्थ आवाज वाढवत गेले आणि गोंधळ त्याच मापात वाढत गेला. गायकाने शेवटी स्वतःच समोरचा माईक बाजूला सरकवला, आणि मग कुठे समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरचा, ‘धा’ ओळखू आला.

तेव्हापासून येथे हिंदुस्थानी मैफलही जवळजवळ विनामाईकच होते. तानपुऱ्यांसाठी एक लहान माईक असतो, एवढेच. कलावंत वेदीखालच्या पायरीवर नव्हे, तर बाकांच्या पहिल्या ओळीजवळ सतरंजीवर बसतात आणि त्यांच्या मागे जाड पडदा सोडलेला असतो. विलंबित (संथ लयीतला) ख्याल, धृपद, बासरी आणि सरोद यांना आम्ही प्राधान्य देतो. द्रुत तराण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कलावंताला बोलावून त्याला ‘जरा सावकाश’ असे सांगणे सभ्यपणाचे होणार नाही.

श्रोत्यांच्या संख्येने आवाजात फरक पडतो, हे खरे आहे का?

पूर्णपणे खरे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एका नव्या व्याख्यानगृहात इतका घुमारा निघाला, की वक्त्याचे शब्द कळेनात. तो दूर करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या मांडून नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे आणि सकाळच्या आत त्या जागेवर नेऊन ठेवायच्या, असा क्रम पुष्कळ दिवस चालवला. वास्तूचे आकारमान आणि तिच्यात असलेले शोषक पृष्ठभाग यांवर घुमारा अवलंबून असतो, हा नियम त्यातूनच हाती आला. माणूस हाही उत्तम शोषक आहे, आणि स्वेटर घातलेला नाशिककर तर विशेषच. म्हणून कलावंतांना आम्ही दुपारीच सांगून ठेवतो, की रिकाम्या चर्चमधल्या सरावावरून संध्याकाळचा अंदाज बांधू नये.

हा धार्मिक कार्यक्रम आहे का? ख्रिस्ती नसलेल्यांनी आलेले चालते का?

ही उपासना नाही. प्रवचन होत नाही आणि कुणाला काही म्हणायला अथवा करायला सांगितले जात नाही. मैफलीला येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते. मात्र रचनांचे शब्द पुष्कळदा बायबलमधले किंवा लॅटिन प्रार्थनांमधले असतात आणि ते आम्ही झाकून ठेवीत नाही. ‘माझा भाव तुझे चरणी’ ऐकताना आपण जसे शब्दांसकट ऐकतो, तसेच हेही ऐकावे. प्रत्येक श्रोत्याला दारात एक पत्रक मिळते, त्यात गायल्या जाणाऱ्या शब्दांचा मराठी अर्थ ओळीनिशी छापलेला असतो.

उलट बाजूने, चर्चमध्ये तबला-पेटी कशी चालते, असेही विचारले जाते. मराठी ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्नच पडत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांना मराठी उपासनेत हक्काची जागा मिळवून दिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टाळ, तबला आणि पेटी यांच्या साथीने गाणे हा या मंडळीचा दर रविवारचा परिपाठ आहे. नवखी आहे ती व्हायोलिनची चौकडी.

चर्चमध्ये ऑर्गन आहे म्हणता, तो मोठ्या नळ्यांचा आहे का?

नाही, तो पायपेटीच्या जातीचा आहे. वादक दोन्ही पायांनी भाते चालवतो आणि हवेच्या झोताने पितळी पत्त्या कंप पावून स्वर निघतो. संगीत नाटकांचे चाहते त्याला पाहताच ओळखतात, कारण बालगंधर्वांच्या रंगभूमीवर साथीला वाजणारा ऑर्गन याच कुळातला. आपली हातपेटीही याच घराण्यातली धाकटी पाती आहे: पॅरिसच्या अलेक्झांडर डेबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, पुढे ती भारतात आली, जमिनीवर बसून वाजवता यावी म्हणून तिचे पाय गेले आणि भाता मागे आला. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) आणि श्रुती (स्वरांमधली सूक्ष्म अंतरे) तिच्यातून निघत नाहीत, या कारणाने आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. हा आक्षेप खोटा नव्हता, पण बंदीच्या काळात गावोगावच्या भजनांतली पेटी एक दिवसही थांबली नाही.

ऑर्गनजवळ बसणाऱ्यांना पायट्यांची खुटखुट आणि भात्याचा उसासा ऐकू येतो. तो बिघाड नव्हे.

मैफलींच्या तारखा दर वर्षी का बदलतात?

कारण त्या चर्चच्या पंचांगाला बांधलेल्या आहेत. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ, स्वतः नाताळ आणि त्यानंतर ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ यांच्या मधल्या फटी आम्हाला मिळतात. ईस्टर हा २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी धरला जातो, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. त्याच्या ४६ दिवस आधीचा राखेचा बुधवार, ज्या दिवशी उपवासकाळ सुरू होतो, ४ फेब्रुवारीपासून १० मार्चपर्यंत हलतो. त्या बुधवारनंतर येथे मैफल होत नाही. एखाद्या वर्षी हंगाम जानेवारीअखेरच आटोपतो, तर एखाद्या वर्षी फेब्रुवारीभर चालतो. ज्यांच्या घरी तिथीने वाढदिवस साजरा होतो त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रविवार उपासनेचा असल्याने मैफल नेहमी शनिवारीच होते.

मालकंस, दरबारी यांसारखे रात्रीचे राग का ठेवत नाहीत?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांवर आणि वाद्यांवर बंधन आहे. बंदिस्त सभागृहांना त्यात सवलत असली, तरी आमच्या खिडक्या उघड्या असतात आणि कुंपणापलीकडे लोक राहतात, म्हणून ती सवलत आम्ही वापरत नाही. मैफल पावणेनऊच्या आत संपते. दरबारी सात वाजता गाऊन घेण्यापेक्षा न गाणे बरे, या मताचे कलावंत आम्हाला भेटले आहेत आणि त्यांचे म्हणणे आम्ही मानले आहे.

त्याची भरपाई दोन प्रकारे होते. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि संध्याकाळची मैफल बरोबर सहाला सुरू होते. त्यामुळे मारवा, पूरिया किंवा पूरिया धनाश्री हे संधिप्रकाशाचे राग पश्चिमेच्या खिडकीच्या काचा तांबूस असेपर्यंतच सुरू झालेले असतात. आणि सकाळच्या मैफलीत ललत, अहिरभैरव, तोडी यांना त्यांची खरी वेळ मिळते, जी शहरातल्या मैफलींत आता क्वचितच मिळते.

टाळ्या केव्हा वाजवाव्यात?

सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. पाश्चात्त्य रचना पुष्कळदा तीन-चार भागांची असते आणि भागांच्या मध्ये क्षणभर शांतता पडते. त्या शांततेत टाळ्या न वाजवता सर्व भाग संपल्यावर वाजवण्याचा प्रघात आहे. भागांची संख्या पत्रकात दिलेली असते. मोजणे चुकले, तर वादकांनी गज खाली घेऊन मांडीवर ठेवले आहेत का, ते पाहावे.

तरीही मधेच कुणी टाळी वाजवलीच, तर त्याच्याकडे मान वळवून पाहू नये, अशी विनंती आहे. हा शिष्टाचार फार जुना नाही. पॅरिसमध्ये १७७८ साली मोझार्टची सिंफनी झाली, तेव्हा श्रोत्यांनी पहिला भाग चालू असतानाच एका जागेवर टाळ्या दिल्या. ती जागा लोकांना आवडणार हे ओळखून त्याने ती शेवटी पुन्हा आणली होती, असे त्याने वडिलांना पत्राने कळवले, आणि मैफल संपल्यावर खुशीत जाऊन आईस्क्रीम खाल्ल्याचेही लिहिले. समेवर ‘वाहवा’ म्हणणाऱ्या श्रोत्याची आणि त्याची गाठ पडली असती, तर दोघांचे छान जमले असते.

हिंदुस्थानी मैफलीत दाद नेहमीप्रमाणे द्यावी. चर्च आहे म्हणून घुम्यासारखे बसू नये. फक्त शेवटच्या स्वरानंतर, मग मैफल कोणतीही असो, अडीच सेकंद थांबावे. तो नाद विरेपर्यंत गाणे चालूच असते.

‘हॅलेलुया’च्या वेळी उभे राहावे लागते का?

हेंडेल या संगीतकाराच्या ‘मसीहा’ या रचनेतील हा समूहस्वर आहे आणि त्या वेळी उभे राहण्याची चाल इंग्लंडमधून सर्वत्र पसरली. राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला म्हणून सगळे उभे राहिले, ही गोष्ट सांगितली जाते, पण तिला समकालीन पुरावा नाही. ज्यांना उभे राहायचे असेल त्यांनी राहावे. मागच्यांना दिसेनासे होत असल्यास शेवटच्या बाकांवर बसावे.

प्रवेशमूल्य किती आणि जागा राखून ठेवता येते का?

प्रवेशमूल्य २०० रुपये असून विद्यार्थ्यांना ५० रुपये आहे. आसनक्रमांक नाहीत, जो आधी येईल त्याला हवी ती जागा मिळते. रुमाल ठेवून पाच जणांची जागा अडवण्याची पद्धत एसटीत ठीक आहे, येथे तो रुमाल स्वयंसेवक उचलून आदराने परत करतात. बाके मर्यादित असल्याने मोठ्या पिशव्या आणि हेल्मेट दाराजवळच्या खोलीत ठेवावीत. ‘मसीहा’चा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये झाला, तेव्हा अधिक लोक मावावेत म्हणून बायकांनी घेरदार झग्याखालच्या कड्यांवाचून आणि पुरुषांनी तलवारीवाचून यावे, अशी विनंती वर्तमानपत्रातून करण्यात आली होती. त्यामानाने आमची मागणी किरकोळ आहे.

कुठल्या बाकावर बसले तर चांगले ऐकू येते?

समूहगायन मागून ऐकावे. तिथे सगळे आवाज एकजीव होऊन येतात. चौकडी आणि हिंदुस्थानी गायन पुढच्या पाच ओळींत ऐकावे, कारण तिथे मूळ आवाज घुमाऱ्याच्या आधी आणि त्याहून ठळक पोहोचतो. खांबामागची दोन बाके स्वस्त नाहीत, तरी ती आम्ही शेवटी भरतो. काही जुने श्रोते मात्र मुद्दाम तिथे बसतात; त्यांना दिसत काही नाही, म्हणून ते डोळे मिटून ऐकतात.

उशीर झाल्यास आत सोडतात का?

सोडतात, परंतु रचना किंवा रागाचा एक टप्पा संपल्यावर. दाराची बिजागरी तेल घालूनही करकरते आणि तो करकर आवाजही अडीच सेकंद टिकतो.

थंडीची काय सोय आहे?

काही नाही. पंखे बंद ठेवतो, एवढीच. निफाडचा पारा वर्तमानपत्रात झळकू लागला, की येथेही फरशी गार पडते, म्हणून सकाळच्या मैफलीला शाल आणि मोजे अवश्य आणावेत. थंडीचा त्रास वाद्यांनाही होतो: हवा गार झाली की बासरीचा स्वर उतरतो, आणि वादक वाजवण्यापूर्वी ती शालीत गुंडाळून किंवा तिच्यात फुंकर घालून उबदार ठेवतो. ऑर्गनच्या पत्त्या मात्र फारशा हलत नाहीत. दोन्ही वाद्ये एकत्र असतील तेव्हा मैफल सुरू होण्यास दहा मिनिटे अधिक लागतात.

चपला काढायच्या का? वेशभूषेचे काही बंधन आहे का?

बाकांवर बसणाऱ्यांनी चपला काढण्याची आवश्यकता नाही. सतरंजीवर बसणाऱ्यांनी काढाव्यात. वेशभूषेचे बंधन नाही. वेदीच्या कठड्याच्या आत जाऊ नये आणि तिथे उभे राहून छायाचित्र काढू नये.

लहान मुलांना आणावे का?

आणावे, पण वाटेकडच्या टोकाला बसावे, म्हणजे कंटाळलेल्या मुलाला घेऊन बाहेर अंगणात जाणे सोपे होते. संगीत शिकणाऱ्या मुलांना सरावाच्या वेळी, दुपारी चार वाजता, विनामूल्य प्रवेश आहे आणि कलावंतांना प्रश्न विचारता येतात. एका मुलाने चौकडीच्या वादकांना ‘तुम्हाला पाठ नाही का?’ असे विचारले होते, कारण चौघांच्याही समोर कागद होते. स्वरलेखन हा स्मरणशक्तीचा पराभव नव्हे, हे त्याला समजावून सांगताना पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे उदाहरण फार उपयोगी पडले: १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या आणि आपल्या संगीतासाठी स्वतःची स्वरलिपी तयार करणाऱ्या या गवयाने पुढे नाशिकमध्येच आश्रम काढला होता.

मोबाईलवर ध्वनिमुद्रण करता येईल का?

नाही. मोबाईल बंद ठेवावा. थरथरणारा मोबाईल लाकडी बाकावर ठेवला, की सगळे बाक वाजते.

कसे पोहोचावे आणि वाहने कुठे लावावीत?

आवारात फक्त दुचाकी आणि अपंग व्यक्तींच्या वाहनांना जागा आहे. शनिवारी संध्याकाळी त्र्यंबक नाका आणि सीबीएस परिसरात वाहतूक तुंबते, त्यामुळे सिटीलिंकच्या बसने किंवा रिक्षाने येणे श्रेयस्कर. नाशिकरोडहून येणाऱ्यांनी पाऊण तास हाताशी ठेवावा. चाकाच्या खुर्चीसाठी बाजूच्या दाराने उतरण आहे; आधी कळवल्यास तिथले अर्धे बाक हलवून ठेवतो.

मध्यंतरात चहा मिळतो का?

मिळतो, अंगणात. कप आत आणू नयेत.

मैफल चालू असताना वीज गेली तर?

असे दोनदा झाले आहे. दुसऱ्या वेळी समूहगायन चालू होते. दिवे गेले, पण गायकांनी थांबायचे कारण नव्हते, कारण बंद पडावे असे काही चालू नव्हतेच. पाठ असलेला भाग त्यांनी तसाच पुढे नेला आणि पाठ नसलेला येईपर्यंत दोघा स्वयंसेवकांनी आगमनकाळाच्या मेणबत्त्या आणून संचालिकेच्या दोन्ही बाजूंना धरल्या. त्यानंतर आम्ही जनरेटरसाठी चौकशी केली, त्याचा आवाज अंगणात उभे राहून ऐकला आणि तो विचार सोडून दिला. आता मेणबत्त्या आणि काडेपेटी ऑर्गनच्या झाकणावर तयार असतात.